कागदावर लाल

शेडच्या मधोमध एक ताडपत्री टांगलेली होती. तिच्या अलीकडे बायको इंजिनाच्या भागांवरचा रंग काढायची आणि पलीकडे नवरा त्याच भागांना रंग लावायचा. असा संसार एकोणतीस वर्षं सुरळीत चालला होता आणि त्या दोघांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. हसायचं काम गल्लीने अंगावर घेतलं होतं.

गल्ली तिला पॉलिशकाकू म्हणायची आणि त्याला नुसतं पेंटर. काकूचा नवरा म्हणजे तो रीतसर काका व्हायला हवा होता, पण काका व्हायला माणसाला थोडंफार बोलावं लागतं आणि पेंटर बोलत नसे. त्याला जगाला जे सांगायचं होतं ते त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शेडवरच्या पाटीवर लिहून टाकलं होतं: ‘सुटला तर परत या.’ म्हणजे रंग. एकोणतीस वर्षांत कुणीही परत आलं नव्हतं. त्या पाटीवरची धूळ तो रोज सकाळी स्वतः पुसायचा. लग्नाच्या फोटोवरची धूळ काकू पुसायची, तीही आठवण झाली तर.

काकूचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं. इंजिनाचा भाग आला की त्यावर ब्रशने रिमूव्हर थापायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि थांबायचं. अर्ध्या तासात रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग तो लाकडी पट्टीने लोटायचा. लोखंडी पट्टी लावली तर धातूवर ओरखडा उठतो, आणि ओरखडा हा काकूच्या कायद्यात गुन्हा होता. कोपऱ्याकापऱ्यांत जुने टूथब्रश. शेडमधले टूथब्रश मोजले तर घरातल्या एकूण दातांपेक्षा जास्त भरले असते. मग पाणी, मग काचकागद, खरखरीत ते मऊ अशा पाच इयत्ता, आणि शेवटी मोटरवर गरगरणारं कापडी चाक. चाकाला पॉलिशचा साबण लावायचा, भाग दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि पोटऱ्या भरून येईपर्यंत उभं राहायचं. चाकातून उडणारा काळा गाळ तोंडावर बसायचा. संध्याकाळी भाग चांदीसारखा दिसायचा आणि काकू कोळशासारखी.

खरी गंमत यापुढे होती. चकचकीत धातूवर रंग धरत नाही. त्याला पकड लागते. त्यामुळे काकूने दिवसभर घासून आरशासारखा केलेला भाग ताडपत्रीपलीकडे गेला की पेंटर पहिलं काम काय करायचा, तर काचकागद घेऊन तो खर्र खर्र खरवडून काढायचा. दहा मिनिटांत आरसा आंधळा. मग त्यावर रंग.

वास्तविक गिऱ्हाइकाने सांगितलेलं असायचं फक्त ‘रंग काढा आणि रंग लावा’. मधल्या पॉलिशची ऑर्डर कुणीच दिलेली नसायची. लेथवाल्या शेजाऱ्याने हे काकूला पहिल्या पाच वर्षांत निदान पन्नास वेळा समजावून सांगितलं होतं. काकूचं म्हणणं एवढंच, की अर्धवट काम ती पलीकडे पाठवत नाही; पलीकडे गेल्यावर त्याचं काय होतं हे ज्याचं त्याने बघावं. आणि पलीकडच्याने तिला ‘पॉलिश करू नकोस’ असं कधी म्हटलं नाही. त्याने ते खरवडायला किती त्रास होतो हेही कधी म्हटलं नाही. तो काहीच म्हणत नसे. एक जण करायचा, दुसरा मोडायचा, आणि संध्याकाळी दोघं एकाच सायकलवरून घरी जायची. सायकलच्या घंटीला मात्र रंग नव्हता. ती काकूची होती.

फक्त एक होतं. भाग पलीकडे दिला की काकू लगेच चाकाची मोटर चालू करायची, हातात दुसरं काम नसलं तरी. खर्र खर्र ऐकू येऊ नये म्हणून. वीज गेलेली असली की मात्र ऐकावंच लागायचं. अशा वेळी ती मोठ्याने खोकायची.

एके दिवशी अग्निशमन केंद्राच्या भांडाराचे साहेब एक टॅपेट कव्हर घेऊन आले. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. हे हातभर लांब होतं, वर उभ्या पन्हाळी आणि कडेला सहा बोल्टांची भोकं. केंद्रातला जुना पंप आता निवृत्त झाला होता आणि आवारात चौथऱ्यावर त्याची स्थापना व्हायची होती. बाकी सगळा पंप ओतीव लोखंडाचा, तो केंद्रातल्याच माणसांनी जागेवर लाल केला होता. झाकण तेवढं ॲल्युमिनियमचं आणि त्यावरचे जुने थर पोपडे धरून उभे, म्हणून ते इथे. साहेबांना गल्लीत परिशिष्टसाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या परिशिष्टात आधीच छापलेलं असायचं. याही वेळी त्यांनी कागद दाखवला. परिशिष्ट ब, रंग लाल. अनावरण आठ दिवसांनी.

काकूने रिमूव्हर थापला. पहिला थर लाल निघाला. त्याखाली करडा. त्याखाली पुन्हा लाल. त्याखाली हिरवा, ज्याचा खुलासा बहुधा त्या वर्षी भांडारात काय शिल्लक होतं यातच सापडला असता. मग लाल, आणि सगळ्यांत खाली चंदेरी. म्हणजे चंदेरी धातूवर कुणीतरी चंदेरी धातूसारखा दिसणारा रंग लावला होता. काकू या थरापाशी जरा वेळ थांबली. एवढ्या वर्षांत तिने माणसांचे बरेच मूर्खपणे लाकडी पट्टीने लोटले होते, पण हा वेगळ्याच तोडीचा होता.

तो निघाला आणि खाली धातू आला. बस्स, धातू. पण काय धातू होता. ओतताना एक बुडबुडा राहिलेला नाही, पन्हाळी सगळ्या एका मापाच्या, कडा कुणीतरी हाताने कानस मारून गोल केलेल्या. ज्याने केलं होतं त्याला हे रंगाखाली जाणार हे माहीत असणार आणि तरीही त्याने कडा गोल केल्या होत्या. काकूला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

तिने ते झाकण अडीच दिवस घासलं. पन्हाळींमध्ये चाक जात नव्हतं, तिथे तिने दोरीला साबण लावून दोरी ओढली. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकणात शेडचं छप्पर, छपरातलं भोक आणि भोकातून दिसणारं आभाळ असं सगळं क्रमवार दिसायला लागलं. मग काकूने एक गोष्ट केली जी तिने पलीकडे जाणाऱ्या भागाला कधीही केली नव्हती. कपाटातून मेणाचा डबा काढला आणि झाकणाला मेण चोळलं. मेणावर रंग धरणं तर सोडाच, बसायलाही मागत नाही. मेण लावणं म्हणजे काकूच्या बाजूने जाहीरनामा होता.

ताडपत्रीपलीकडून पेंटरने हात बाहेर काढला. रोजच्यासारखा, भाग घ्यायला.

“हे द्यायचं नाही,” काकू म्हणाली.

हात थोडा वेळ तसाच राहिला आणि आत गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीला खबर लागली. लेथवाला आला, झाकणात स्वतःचं तोंड बघितलं, नाकातले केस बघितले आणि विचारलं, की काकू, याच्या खाली कुणाचं नाव निघालं का. काकू म्हणाली नाही. तुमच्या वडिलांनी या पंपावर काम केलं होतं का. वडील शिंपी होते. लहानपणी तुमच्या घराला आग लागली आणि या पंपाने, असं काही? नाही. मग नेमकं काय आहे त्यात, हे लेथवाल्याला कळेना.

“धातू आहे,” काकू म्हणाली. “चांगला आहे. उघडा राहू दे.”

एवढ्याने लेथवाल्याचं समाधान होणं शक्य नव्हतं. चांगल्या माणसाला कारणाशिवाय हट्ट करताना बघवत नाही. म्हणून त्याने स्वतःच एक कारण तयार केलं आणि गल्लीभर सांगितलं: काकूचा एक धाकटा भाऊ होता, तो अग्निशमन दलात होता, एका आगीत गेला, आणि मरताना त्याने याच झाकणावर हात ठेवला होता. सांगताना त्याला स्वतःलाच भरून आलं. काकूला धाकटा भाऊ होता हे खरं. तो टायरच्या दुकानात होता आणि दुसऱ्याच दिवशी शेडवर येऊन विचारून गेला, की लोक मला बघून दचकतायत का.

सहाव्या दिवशी सकाळी परिशिष्टसाहेब झाकण न्यायला आले. काकू झाकणावर बसलेली होती. अक्षरशः. खाली पोतं, पोत्यावर झाकण, झाकणावर मऊ फडकं आणि फडक्यावर काकू.

साहेबांनी परिशिष्ट ब वाचून दाखवलं. काकूने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हा पंप आता आग विझवायला जाणार आहे का. नाही. रस्त्यावरून कुणाला लांबून दिसायला हवा का. नाही. मग लाल कशाला. साहेब म्हणाले, कारण लाल असं लिहिलंय. काकू म्हणाली, लिहिणाऱ्याने हे झाकण बघितलं होतं का. साहेब म्हणाले, परिशिष्ट लिहिणाऱ्याने काही बघायचं नसतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणून बोलणं पुढे सरकेना.

शेवटी साहेबांनी फाइल मिटली. केंद्राच्या सगळ्या गाड्यांचे भाग याच शेडमध्ये येत. वर्षाचं निम्मं काम तेच होतं. ते म्हणाले, की एका झाकणापायी ते सगळं दुसऱ्या शेडकडे वळवावं लागलं तर त्यांना वाईट वाटेल, पण वळवतील.

“वळवा,” काकू म्हणाली. “एकोणतीस वर्षं मी घासते आणि लोक त्यावर रंग फासून नेतात. मी कधी एक शब्द बोलले? एवढं एक उघडं राहील. बाकी सगळं न्या, हवं तर मला उचलून न्या, झाकणाला हात लावायचा नाही.”

शेंडी तुटो की पारंबी, असा तिचा चेहरा होता. त्या चेहऱ्यावर नेहमीचा काळा गाळ असल्याने मधून डोळे तेवढे दिसत होते आणि साहेब त्या डोळ्यांकडे न बघता ताडपत्रीकडे बघत होते.

ताडपत्री हलली. पेंटर अलीकडे आला. तो अलीकडे येण्याची ही वर्षातली दुसरी किंवा तिसरी वेळ असेल. त्याने दोन्ही हात पुढे केले.

“दे इकडे,” तो म्हणाला. “मी रंगवतो.”

काकूने त्याच्याकडे बघितलं. साहेबांशी भांडायला तिच्यापाशी लागेल तेवढा दम होता, अख्खं दल आलं असतं तरी पुरला असता. पण घरचाच माणूस उठला की कुणाशी भांडायचं. ती उठली. फडकं काढून त्याची घडी केली. झाकण त्याच्या हातात देताना तिने फक्त एवढंच म्हटलं, “अहो, तुम्हीसुद्धा.” तो काही म्हणाला नाही. तो कुठे काही म्हणायचा.

साहेबांना समोर बसून रंगवून घ्यायचं होतं. पेंटरने त्यांना पलीकडे स्टूल दिलं. ताडपत्री खाली पडली.

काकूचा हात सवयीने मोटरच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. ऐकते आज, तिने ठरवलं. वीज असून ऐकते. खोकणारसुद्धा नाही. माझ्या झाकणाचं काय करतोय ते कानाने बघते, आणि मग संध्याकाळी चालत घरी जाते. सायकल त्याने एकट्याने न्यावी.

ती उभी राहिली. पलीकडे झाकण टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खोका उघडल्याचा. आता काचकागद. मेण काढायला आधी थिनर लागेल, म्हणजे वास येईल. तिने नाकही तयार ठेवलं.

वास आला नाही. रंगाचा डबा उघडल्याचा आवाज आला. काडीने ढवळल्याचा आला. खर्र खर्र आलं नाही. काकूला वाटलं, साहेब बोलतायत म्हणून ऐकू आलं नसेल. पण साहेब गप्प होते. मग कॉम्प्रेसर सुरू झाला आणि रंग उडवणाऱ्या गनचा लांब, सावकाश फुस्कारा आला. एक हात. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा, जो पेंटर एरवी कधीच देत नसे. दोन हातांत जो रंग बसत नाही तो रंगच नाही, असं त्याचं मत होतं.

काकू बटणावरचा हात काढायला विसरली होती. एकोणतीस वर्षं जो माणूस घरच्या दाराची कडीही खरवडल्याशिवाय रंगवत नव्हता, त्याने मेणावर तीन हात मारले होते. सरळ, उघड्या डोळ्यांनी, त्या पाटीखाली उभं राहून.

पलीकडे साहेब खूश झाले. लाल, एकसारखा, तकतकीत. पक्का आहे ना, असं त्यांनी विचारलं. पेंटरने बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं. साहेबांनी पाटी वाचली आणि कागदावर लिहिलं, ‘रंग लाल, पक्का. स्वतः तपासला.’ खाली सही केली. वाळल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस येऊन झाकण घेऊन गेला.

रंगवलं त्या संध्याकाळी दोघं सायकलवरून घरी गेली. वाटेत काकूने एकदाही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. घंटी मात्र काकूने विनाकारण दोनदा वाजवली.

अनावरणाला त्यांना बोलावणं नव्हतं. लेथवाला त्यांना कुंपणापर्यंत ओढून घेऊन गेला, कारण त्याच्या मते मेलेल्या भावासाठी तरी काकूने यायला हवं होतं. आवारात खुर्च्या, पहिल्या रांगेत साहेब, व्यासपीठावर एक प्रमुख पाहुणे. पाहुण्यांनी कापड ओढलं. पंप लाल, झाकण लाल, सगळं परिशिष्टाप्रमाणे. टाळ्या झाल्या. मग दलाच्या माणसांनी निवृत्त पंपाला मानवंदना म्हणून नव्या पंपाने पाण्याचा फवारा सोडला.

फवारा झाकणावर पडला. आधी एका कडेला रंग उचलला गेला, मग त्याखाली पाणी शिरलं, आणि मग तो सगळाच्या सगळा, अख्खा, एका तुकड्यात निघाला. तीन हातांचा जाड रंग होता, फाटला नाही. पन्हाळींसकट, सहा भोकांसकट, झाकणाच्या आकाराचं एक लाल सालपट हवेत उडालं आणि परिशिष्टसाहेबांच्या मांडीवर येऊन पडलं. चौथऱ्यावर काकूचं झाकण उघडं होतं. त्यात आभाळ होतं आणि पहिल्या तीन रांगा होत्या.

मग प्रमुख पाहुण्यांना वाटलं, की खरं अनावरण हेच. ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पाहुणे उभे म्हणताना सगळं आवार उभं राहिलं. पाहुणे झाकणापाशी गेले, वाकले आणि त्यात बघून त्यांनी भांग नीट केला. त्याचा फोटो निघाला.

कुंपणापाशी लेथवाला सावकाश पेंटरकडे वळला.

“पेंटर,” तो म्हणाला, “तुझा रंग सुटला की रे.”

पेंटर आपल्या चपलांकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो रंग पक्का होता.

“सुटला,” तो म्हणाला.

काकूने तोंड उघडलं. तिच्या जिभेवर सगळं होतं: मेण, थिनर, न आलेली खर्र खर्र. पेंटरने मान न वळवता तिच्या हाताला हळूच कोपर लावलं. काकूने तोंड मिटलं. आयुष्यात एवढं जड काही तिने गिळलं नव्हतं.

दोन दिवसांनी परिशिष्टसाहेब शेडवर आले. पाटी लावल्यापासून परत आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. सालपट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. काकूने त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, की पाटीवर लिहिलंय तसं आम्ही पाळतो, झाकण घेऊन या, हे फुकट रंगवून देतील. तिथेच घोडं अडलं होतं. झाकण चौथऱ्यावरून काढायचं तर परिशिष्ट क भरावं लागत होतं. परिशिष्ट क मध्ये कारण लिहावं लागत होतं. कारण लिहायचं तर रंग सुटला असं लिहावं लागणार, आणि रंग पक्का असल्याचं स्वतः तपासून साहेबांनीच लिहून दिलं होतं. शिवाय पाहुण्यांचा भांगाचा फोटो आता केंद्राच्या भिंतीवर लागला होता.

साहेबांनी बराच वेळ विचार केला. मग ते म्हणाले, की कागदावर झाकण लालच आहे आणि त्यांना डोळ्यांचा थोडा त्रास आहेच. तेव्हापासून दर वर्षी तपासणी होते आणि दर वर्षी नोंद होते: झाकण, लाल, सुस्थितीत. केंद्राचं काम शेडकडेच राहिलं, कारण ते दुसरीकडे वळवायचं तरी कारण लिहावं लागलं असतं.

जाताना ते सालपट विसरले. काकूने ते हातोडी घेऊन शेडच्या दारावर, बरोबर त्या पाटीखाली, चार खिळ्यांनी ठोकलं. लेथवाला म्हणाला, काकू, असली लाज कुणी दारावर लावतं का, झाकून ठेवायची असते. काकू म्हणाली, या शेडमध्ये झाकायचं काम एकाचं आणि उघडं करायचं काम माझं. मग तिने विचारलं, की अख्ख्या गल्लीत एवढा अख्खा निघेल असा रंग दुसरा कुणी मारून दाखवेल का. तरी महिनाभर गल्लीने पेंटरला सोडलं नाही. कुणी सायकलवरून जाताना ‘परत येऊ का?’ असं ओरडायचं. एक जुनं गिऱ्हाईक आपली पेट्रोलची टाकी दुसरीकडे रंगवायला घेऊन गेलं. ती टाकी जाताना पेंटर दारात उभा राहून वळणापर्यंत बघत होता. मग आत गेला आणि काचकागद कापत बसला.

त्या दिवशी एका ट्रॅक्टरचं टॅपेट कव्हर आलेलं होतं. काकूने रिमूव्हर थापला, रंग लोटला, धुतलं. चाकाकडे गेली. मग थांबली. तिने चाक लावलंच नाही. खरखरीत काचकागदाचा एक हात फिरवला, रंगाला हवी तशी पकड येईल एवढाच, आणि झाकण ताडपत्रीखालून पलीकडे सरकवलं. एवढं ती त्याचं देणं लागते, असा तिचा हिशेब होता. मोटरच्या बटणाला तिने हात लावला नाही.

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ताडपत्री वर झाली आणि पेंटरचं डोकं आलं. हातात झाकण. त्याने ते उजेडात धरलं, उलटसुलट केलं, बोटाने घासून बघितलं.

“अगं, हे काय?” तो म्हणाला. “बरं नाही का तुला?”

“बरंय की. तुमचंच काम वाचवलं.”

“मी सांगितलं होतं?” त्याने झाकण तिच्या टेबलावर ठेवलं. “अर्धवट काम इकडे पाठवायचं नाही.”

ताडपत्री पडली. काकूने झाकण उचललं, मोटर चालू केली आणि साबण चाकाला लावला.